मोटारगाडीच्या स्टार्टर व अल्टरनेटरची बदली

मोटारगाडीचे इंजिन सुरू करून देणारी स्टार्टर मोटर आणि इंजिन चालू असताना वीज निर्माण करणारा अल्टरनेटर हे अंतर्ज्वलन इंजिनावर चालणाऱ्या गाडीच्या विद्युतव्यवस्थेतील दोन प्रमुख फिरते भाग आहेत. महाराष्ट्रातील गॅरेजांत स्टार्टरला सर्रास ‘सेल्फ’ म्हणतात, तर अल्टरनेटरला अनेक जुने कारागीर अजूनही ‘डायनामो’ या त्याच्या पूर्वजाच्या नावाने ओळखतात. दोन्ही भागांतील कार्बन, बेरिंगे व विद्युतसंपर्क वापराने झिजतात. त्यामुळे दीर्घकाळ वापरलेल्या गाडीत ते दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची वेळ बहुधा येते. बदली भाग निवडताना बोल्टची छिद्रे जुळणे आवश्यक असले तरी पुरेसे नसते. विद्युतक्षमता, फिरण्याची दिशा, दात्यांची संख्या, पुलीचा प्रकार आणि गाडीच्या संगणकाशी संवाद साधण्याची पद्धत या गोष्टीही जुळाव्या लागतात. त्याहीआधी, दोष खरोखर त्याच भागात आहे काय, हे ठरवावे लागते. खराब बॅटरी किंवा गंजलेली अर्थची तार यांमुळे सुस्थितीतील स्टार्टर अथवा अल्टरनेटर काढून टाकला जाणे ही असामान्य गोष्ट नाही.

कार्य व रचना

स्टार्टर ही एकदिश विद्युतप्रवाहावर चालणारी मोटर असते. किल्ली फिरवली किंवा बटण दाबले की सोलेनॉइड नावाचा विद्युतचुंबकी खटका दोन कामे करतो. तो मोटरच्या टोकावरील लहान दातेरी चक्र, म्हणजे पिनियन, पुढे ढकलून फ्लायव्हीलभोवतीच्या दातेरी कड्यात अडकवतो आणि त्याच वेळी बॅटरीचा मोठा प्रवाह मोटरला जोडून देतो. पिनियनला साधारणतः आठ ते तेरा दाते आणि कड्याला शंभरहून अधिक दाते असल्यामुळे मोटरचा जोर दहा ते पंधरा पटींनी वाढून इंजिनापर्यंत पोहोचतो. इंजिन पेटल्यावर ते उलट मोटरलाच अतिवेगाने फिरवू नये म्हणून पिनियनमागे एका दिशेनेच पकड घेणारा क्लच असतो. या सगळ्या जोडणीला कारागीर ‘बेंडिक्स’ म्हणतात. वास्तविक ते नाव पिनियन पुढे सरकवण्याच्या एका जुन्या पद्धतीचे आहे.

लहान पेट्रोल गाडीचा स्टार्टर साधारण ०.८ ते १.४ किलोवॉट क्षमतेचा असतो. डिझेल इंजिनात संपीडन अधिक असल्यामुळे त्याचा स्टार्टर दोन किलोवॉटच्या आसपास किंवा त्याहून मोठा लागतो. पेट्रोल इंजिन फिरवताना शंभर ते दोनशे अँपिअर प्रवाह सहज वाहतो. डिझेलमध्ये तो याहून पुष्कळ जास्त असतो. एवढा प्रवाह काही सेकंदांपुरताच सोसण्याच्या बेताने ही मोटर घडवलेली असते. म्हणून सलग दहा सेकंदांहून अधिक काळ सेल्फ मारत राहिल्यास आतील वेटोळी जळू शकतात.

अल्टरनेटरचे काम दीर्घकाळ चालणारे असते. पट्ट्याने फिरणाऱ्या रोटरमध्ये चुंबकीय क्षेत्र निर्माण केले जाते. त्यामुळे बाहेरील स्थिर वेटोळ्यांत, म्हणजे स्टेटरमध्ये, त्रिकला प्रत्यावर्ती वीज तयार होते. डायोडांचा संच तिचे एकदिश विजेत रूपांतर करतो. रेग्युलेटर रोटरकडे जाणारा अल्पसा प्रवाह कमीजास्त करून बाहेर पडणाऱ्या विजेचा दाब ठरावीक मर्यादेत ठेवतो. बारा व्होल्टच्या सामान्य गाडीत हा दाब १३.८ ते १४.७ व्होल्टच्या दरम्यान असतो.

इतिहास

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बहुतेक मोटारगाड्या हाताने हँडल फिरवून सुरू कराव्या लागत. इंजिनाने उलट झटका दिला तर हँडल फिरवणाऱ्याचे मनगट किंवा हात मोडत असे. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी डेटन येथील आपल्या डेल्को कंपनीत विकसित केलेली विद्युत स्टार्टरची व्यवस्था आली. केटरिंग यांनी यापूर्वी दुकानांतील रोकडयंत्राचा खण उघडणाऱ्या विद्युत मोटरीवर काम केले होते. मोटर क्षणभरच चालायची असेल तर ती आकाराच्या मानाने फार मोठा भार उचलू शकते, हे त्यांना तेथे उमगले होते. त्या गाडीत इंजिन सुरू करणारे आणि नंतर वीज निर्माण करणारे यंत्र एकच होते. पुढे ही दोन कामे वेगळ्या यंत्रांकडे गेली.

वीज निर्माण करण्यासाठी कित्येक दशके डायनामो वापरला गेला. इंजिन मंद गतीने चालू असताना डायनामो जवळजवळ वीज देत नसे. गर्दीत अडकलेल्या गाडीचे दिवे मंदावत आणि वेग घेताच पुन्हा उजळत. स्वस्त व टिकाऊ सिलिकॉन डायोड उपलब्ध झाल्यावर चित्र बदलले. क्रायस्लर कंपनीने १९६० सालच्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर दिला आणि त्या दशकात इतर उत्पादकांनीही त्याचा स्वीकार केला. भारतात अँबॅसेडर आणि फियाट ११०० यांच्या जुन्या आवृत्त्यांत डायनामो होता. या दोन्ही भागांचे मोठे भारतीय उत्पादक असलेल्या लुकास-टीव्हीएस या कंपनीची स्थापना १९६१ साली चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, झाली.

जुन्या गाड्या जतन करणारे डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवून घेतात. तेव्हा एक बाब तपासणे अत्यावश्यक ठरते. अनेक जुन्या ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे. आजचे अल्टरनेटर ऋण टोक सांगाड्याला जोडलेले आहे असे गृहीत धरून बनवलेले असतात. जोडणी न बदलता असा अल्टरनेटर बसवल्यास त्याचे डायोड तत्काळ जळतात.

बदलीपूर्वीची तपासणी

इंजिन सुरू होत नसताना ऐकू येणारा आवाज बरेच काही सांगतो. सोलेनॉइडचा भराभर ‘टक-टक-टक’ असा आवाज येत असेल तर दोष बहुधा उतरलेल्या बॅटरीत किंवा सैल टर्मिनलमध्ये असतो. एकदाच जोरात ‘टक’ होऊन पुढे काहीच घडत नसेल तर सोलेनॉइडचे संपर्क जळलेले, कार्बन झिजलेले किंवा मोटर अडकलेली असण्याचा संभव असतो. मोटर घूं करून फिरते पण इंजिन हलत नाही, तेव्हा पिनियनमागचा क्लच निकामी झालेला असतो. खरखर असा धातू घासल्याचा आवाज आल्यास पिनियनबरोबर फ्लायव्हीलवरील कड्याचे दातेही पाहावे लागतात. कडे एके ठिकाणी खाल्ले गेले असेल तर नवा स्टार्टर बसवूनही इंजिन अधूनमधून अडते आणि नव्या पिनियनचे दाते लवकर झिजतात.

साध्या मल्टिमीटरने केलेली मोजणी यापुढचा निर्णय करते. गाडी काही तास बंद ठेवल्यावर पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ व्होल्ट म्हणजे ती जवळजवळ निम्मी उतरलेली असते. सेल्फ मारताना भारित बॅटरीचा दाब ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर बॅटरी दुर्बल आहे किंवा स्टार्टर प्रमाणाबाहेर प्रवाह ओढतो आहे असे समजतात. दाब साडेअकरा-बाराच्या आसपास टिकून राहतो आणि तरीही मोटर फिरत नाही, तर प्रवाह तिच्यापर्यंत पोहोचतच नसतो. सेल्फ मारत असताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा ठोकळा यांच्यामध्ये मीटर लावून पाहतात. तेथे अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसल्यास दोष अर्थच्या पट्टीत असतो. कोकण व गोव्यासारख्या किनारी प्रदेशात खाऱ्या दमट हवेमुळे ही तांब्याची पट्टी आणि तिचे बोल्ट आतून हिरवे पडतात; बाहेरून ती सुस्थितीत दिसते. अशा गाडीत स्टार्टर बदलल्यावर काही दिवस बरे चालते, कारण नवी मोटर काढता-बसवताना बोल्ट घासले गेलेले असतात. मूळ दोष तसाच राहतो.

अल्टरनेटरच्या बाबतीत इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवरील दाब मोजतात. दिवे, पंखा व वातानुकूलन लावूनही तो १३.५ व्होल्टच्या वर राहिला तर अल्टरनेटर साधारणपणे ठीक आहे असे समजतात. दाब १५ व्होल्टच्या पुढे जात असल्यास रेग्युलेटर बिघडलेला असतो. अशा वेळी बॅटरीतील पाणी आटते आणि दिवे वारंवार उडतात. त्रिकला डायोडांपैकी एखादा निकामी झाल्यास दाब जवळपास योग्य दिसतो, पण मोठ्या भाराखाली क्षमता कमी पडते. डायोड उलट दिशेने गळत असेल तर उभ्या गाडीतील बॅटरी रातोरात उतरते. मीटर प्रत्यावर्ती दाबावर ठेवून बॅटरीच्या टोकांवर मोजल्यास असा दोष लक्षात येऊ शकतो. तेथे सुमारे अर्धा व्होल्ट किंवा अधिक दाब दिसल्यास डायोडांवर संशय घेतात.

जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरमध्ये एक गंमतीदार दोष आढळतो. डॅशबोर्डवरील बॅटरीचा लाल दिवा हा तेथे केवळ सूचनादिवा नसतो. अल्टरनेटरला सुरुवातीचे चुंबकत्व देणारा प्रवाह त्याच दिव्यातून जातो. दिवा उडाला तर अल्टरनेटर वीज देतच नाही किंवा इंजिनाचा वेग पुष्कळ वाढवल्यावरच देऊ लागतो. काही रुपयांचा दिवा बदलून मिटणाऱ्या या तक्रारीसाठी पूर्ण अल्टरनेटर बदलला जाण्याचा धोका असतो.

तपासणीची एक जुनी रीत मात्र आजच्या गाड्यांसाठी घातक आहे. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढायचे. इंजिन बंद पडले नाही तर अल्टरनेटर चांगला, असा हा प्रघात डायनामोच्या काळापासून चालत आला आहे. अल्टरनेटर मोठा प्रवाह देत असताना बॅटरी अचानक तुटली तर रोटरचे चुंबकत्व लगेच ओसरत नाही आणि क्षणभर दाब कित्येक पटींनी उसळतो. संरक्षण नसलेल्या बारा व्होल्टच्या व्यवस्थेत ही उसळी शंभर व्होल्टच्या आसपास जाऊ शकते. तीत रेग्युलेटर, डायोड आणि इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक यांपैकी काहीही जळू शकते. संगणकाची किंमत बहुधा अल्टरनेटरहून जास्त असते.

स्टार्टरची जुळणी

बदली स्टार्टर निवडताना पहिला आधार म्हणजे जुन्या भागावरील पट्टी. तीवर उत्पादकाचा क्रमांक, विद्युतदाब आणि बहुधा किलोवॉटमधील क्षमता कोरलेली असते. गाडीचे नाव व वर्ष एवढ्यावर विसंबणे पुरत नाही. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल व डिझेलसाठी वेगळा स्टार्टर असतोच. काही प्रतिमानांत हाताने बदलायचा गिअर आणि स्वयंचलित गिअर यांसाठीही तो वेगळा असतो, कारण दातेरी कडे इंजिनापासून वेगळ्या अंतरावर बसवलेले असते. उत्पादनाच्या मध्येच पुरवठादार बदलल्यास त्याच वर्षातील दोन गाड्यांत दोन निराळे स्टार्टर सापडतात. त्यामुळे सतरा अक्षरी वाहन ओळख क्रमांकावरून शोध घेणे अधिक खात्रीचे ठरते.

पिनियनच्या दात्यांची संख्या, दात्याची जाडी, पिनियन विश्रांतीत असताना तोंडापासूनचे अंतर आणि फिरण्याची दिशा या चार गोष्टी तंतोतंत जुळाव्या लागतात. एक दाता कमीजास्त असलेला पिनियन हाताने कड्यात बसतोही, पण मोटर फिरू लागताच दाते तुटू लागतात. दिशा नेहमी पिनियनच्या बाजूने पाहून सांगितली जाते. इंजिनाच्या दुसऱ्या बाजूने बसणारा स्टार्टर उलट दिशेचा असतो आणि त्यात तडजोड शक्य नसते.

क्षमतेच्या बाबतीत मूळपेक्षा कमी स्टार्टर घेऊ नये, हे सर्वमान्य आहे. किंचित अधिक क्षमतेचा चालतो, परंतु त्याला लागणारा प्रवाह बॅटरी व तारा देऊ शकतील एवढ्याच मर्यादेत. जुन्या धाटणीचे स्टार्टर मोठे व जड असून त्यांची मोटर पिनियनला थेट फिरवते. नव्या स्टार्टरमध्ये लहान पण वेगाने फिरणारी मोटर आणि तिच्यापुढे वेग घटवणारे दातेरी चक्र असते. तेवढ्याच जोरासाठी हे स्टार्टर कमी प्रवाह घेतात. त्यामुळे जुन्या गाडीत योग्य तोंडाचा असा स्टार्टर मिळाला तर तो बदल फायद्याचा ठरतो. यांतील बहुतेकांत वेटोळ्यांऐवजी कायम चुंबक चिकटवलेले असतात. असा स्टार्टर अडकल्यावर हातोडीने ठोकून सुरू करण्याची जुनी युक्ती त्याला मानवत नाही. चुंबकाला तडा जातो.

सिग्नलवर इंजिन आपोआप बंद करून पुन्हा सुरू करणाऱ्या गाड्यांचा स्टार्टर दिसायला साध्या स्टार्टरसारखाच असतो. मात्र त्याला आयुष्यात कित्येक पट अधिक वेळा इंजिन सुरू करावे लागत असल्यामुळे त्याची बेरिंगे, कार्बन व सोलेनॉइड वेगळ्या प्रतीचे असतात. तेथे साधा स्टार्टर बसतो, चालतोही. शहरी वाहतुकीत तो लवकर संपतो.

अल्टरनेटरची जुळणी

अल्टरनेटरच्या पट्टीवर सामान्यतः ‘१४ व्होल्ट ५०/९० अँपिअर’ अशी नोंद असते. आयएसओ ८८५४ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार यातील पहिला आकडा रोटर मिनिटाला १,५०० फेरे घेत असताना मिळणारा प्रवाह सांगतो आणि दुसरा ६,००० फेऱ्यांना मिळणारा. दुकानात व जाहिरातीत बहुतेकदा दुसराच आकडा बोलला जातो. भारतीय शहरांतील गाडीसाठी पहिल्या आकड्याचे महत्त्व अधिक आहे.

त्यामागील हिशेब उदाहरणाने स्पष्ट होईल. पावसाळी रात्री वाहतूककोंडीत उभ्या असलेल्या एका लहान गाडीत पुढचे दोन दिवे ११० वॉट, मागील व आतील दिवे ३०, वातानुकूलनाचा पंखा १५०, रेडिएटरचा पंखा २००, कॉम्प्रेसरचा विद्युतक्लच ४०, वायपर ६०, इंधनपंप आणि इंजिनाचे नियंत्रण १७० व संगीतयंत्र ४० वॉट घेत आहे असे समजू. एकूण भार ८०० वॉट होतो, १३.५ व्होल्टला तो सुमारे ५९ अँपिअर पडतो. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत आहे आणि पुल्यांचे गुणोत्तर अडीच आहे असे धरल्यास रोटर २,००० फेरे घेतो. ५०/९० क्षमतेचा अल्टरनेटर या वेगाला गरज कशीबशी भागवतो. त्याच बैठकीवर बसणारा पण जुन्या, वातानुकूलन नसलेल्या आवृत्तीचा अल्टरनेटर या वेगाला समजा ४० अँपिअरच देत असेल, तर उरलेले जवळजवळ २० अँपिअर बॅटरीतून जातात. अशा तासाभराच्या कोंडीत ३५ अँपिअर-तासांच्या लहान बॅटरीचा निम्म्याहून अधिक साठा संपतो. गाडी बंद केल्यावर ती पुन्हा सुरू होत नाही आणि दोष पुन्हा बॅटरीला दिला जातो. अल्टरनेटर तापल्यावर त्याचे उत्पादन आणखी घटते, ही बाब या हिशेबात धरलेलीच नाही.

मूळपेक्षा मोठ्या क्षमतेचा अल्टरनेटर बसवल्यास गाडीतील उपकरणे जळतील, हा समज चुकीचा आहे. उपकरणे गरजेपुरताच प्रवाह घेतात. दाब रेग्युलेटर सांभाळतो. खरा धोका अल्टरनेटर ते बॅटरी या मुख्य तारेला असतो. उतरलेली बॅटरी आणि जास्तीचे दिवे मिळून मोठा प्रवाह ओढू लागले की मूळ क्षमतेसाठी घातलेली तार तापते. म्हणून क्षमता वाढवताना ती तार आणि तिचा फ्यूजही त्या मापाचा करावा लागतो.

फिरण्याच्या दिशेबाबत अल्टरनेटर स्टार्टरइतका काटेकोर नसतो. तो दोन्ही दिशांना वीज देतो, परंतु त्याच्या पंख्याची पाती एका दिशेसाठी वळवलेली असल्यास उलट फिरताना तो नीट थंड होत नाही. पुलीचे मात्र तसे नाही. पट्ट्याच्या खाचांची संख्या आणि पुलीची पट्ट्याशी सरळ रेषा जुळावी लागतेच; शिवाय अनेक आधुनिक, विशेषतः डिझेल, गाड्यांत पुलीच्या आत एकदिश क्लच असतो. इंजिनाच्या धक्क्यांमुळे पट्टा थरथरू नये यासाठी ती योजना असते. अशा पुलीऐवजी साधी भरीव पुली बसवली तर अल्टरनेटर व्यवस्थित वीज देतो, मात्र पट्टा आणि तो ताणून धरणारा टेन्शनर थोड्याच काळात खराब होतो.

भारतीय रस्त्यांवरील टाटा सुमोसारख्या अनेक जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीमागे निर्वात पंप जोडलेला असतो. डिझेल इंजिनाच्या हवानळीत पेट्रोल इंजिनासारखी निर्वातता निर्माण होत नाही. ब्रेकला साहाय्य करणाऱ्या बूस्टरला लागणारी निर्वातता हा पंप पुरवतो आणि त्याचे वंगण इंजिनाच्या तेलातून होते. येथे निवडीतील चूक दिव्यांपुरती राहत नाही. पंप नसलेला अल्टरनेटर, क्षीण पंप असलेला जुना अल्टरनेटर किंवा उलट दिशेने फिरणारा पंप बसवल्यास ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक होते आणि गाडी थांबवायला कितीतरी अधिक जोर लागतो. तेलाची नळी तुंबलेली असल्यास नवा पंप कोरडा फिरून बिघडतो. अशा गाडीत बदली झाल्यावर रस्त्यावर नेण्यापूर्वी इंजिन चालू ठेवून ब्रेक तपासणे हा कामाचाच भाग मानला जातो.

अलीकडच्या गाड्यांत विद्युतदाब किती ठेवायचा हे रेग्युलेटर एकटा ठरवत नाही. गाडीचा संगणक त्याला आज्ञा देतो. ही देवघेव ‘लिन’ किंवा ‘बीएसएस’ यांसारख्या निरनिराळ्या संकेतपद्धतींनी होते. दोन पद्धतींच्या अल्टरनेटरचे जोडखटके सारखे असू शकतात. खटका बसतो, अल्टरनेटर ठरावीक दाबाने वीजही देतो, पण संगणकाला उत्तर न मिळाल्याने बॅटरीचा दिवा पेटलेला राहतो. बाह्य मापांवरून केलेली जुळणी येथे निरुपयोगी ठरते. उत्पादकाचा भागक्रमांक हाच विश्वसनीय आधार राहतो.

नवा, पुनर्निर्मित, जुना की दुरुस्त

बाजारात बदली भाग चार रूपांत मिळतात. गाडी उत्पादकाच्या वेष्टनातील भाग आणि तो भाग मुळात बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेला भाग हे पुष्कळदा एकाच कारखान्यातून आलेले असतात. दुसरा स्वस्त असतो. पुनर्निर्मित भागात जुने कवच कायम ठेवून झिजणारे सर्व घटक बदललेले असतात आणि भाराखाली चाचणी घेतलेली असते. केवळ बिघडलेला घटक बदलून रंग दिलेल्या भागालाही विक्रेते हेच नाव देतात. दोहोंतील फरक रंगावरून नव्हे, तर लेखी हमी आणि चाचणीची नोंद यांवरून कळतो. भंगारात काढलेल्या गाड्यांचे भाग मुंबईत कुर्ल्याच्या आणि दिल्लीत मायापुरीच्या बाजारांत मिळतात. उत्पादन बंद झालेल्या गाड्यांसाठी तो कधीकधी एकमेव मार्ग असतो, परंतु पुरात बुडालेल्या गाडीचा स्टार्टर तेथे बाहेरून ओळखता येत नाही.

विक्रेत्याने बॅटरीला जोडून स्टार्टर फिरवून दाखवणे ही पुरेशी परीक्षा नव्हे. भाराविना जवळजवळ कोणताही स्टार्टर फिरतो. इंजिनाचे संपीडन समोर आल्यावरच त्याची शक्ती कळते.

भारतात दुरुस्तीचा पर्याय अनेक देशांच्या तुलनेत अधिक व्यवहार्य आहे. कार्बन, बुश, बेरिंगे, सोलेनॉइडचे संपर्क, रेग्युलेटर आणि डायोडांचा संच सुटे मिळतात आणि ते बदलणारे ऑटो इलेक्ट्रिशियन लहान गावांतही असतात. दोष या घटकांपुरता असेल आणि कवच, वेटोळी व दातेरी भाग शाबूत असतील, तर मूळ दर्जाच्या भागाची दुरुस्ती ही अनोळखी नाममुद्रेचा नवा भाग घेण्यापेक्षा बहुधा चांगली ठरते. वेटोळी जळल्यावर स्थिती बदलते. हाताने पुन्हा गुंडाळलेल्या आर्मेचरमध्ये तारेची जाडी, वेढ्यांची संख्या आणि रोगण भाजण्याची प्रक्रिया यांपैकी काहीही उणे राहिले, तर तो तापतो किंवा त्याचा तोल बिघडतो. स्टेटर काळा पडलेला किंवा कम्युटेटर खोल झिजलेला असल्यास पूर्ण भाग बदलणे इष्ट असते.

अस्सल भाग आणि त्यांची तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळणे हा भारतात वादाचा विषय ठरला आहे. खुल्या बाजारात सुटे भाग व निदानाची साधने उपलब्ध होऊ न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा मोटार उत्पादकांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. हे प्रकरण पुढे अपिलांत गेले.

बसवणे

काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक प्रथम काढतात आणि शेवटी जोडतात. स्टार्टर व अल्टरनेटर यांच्याकडे जाणारी मुख्य तार थेट बॅटरीला जोडलेली असून किल्ली बंद केल्याने तिच्यातील वीज जात नाही. पान्याचा स्पर्श सांगाड्याला झाल्यास ठिणगी उडून तार वितळते. संपर्काच्या जागा घासून स्वच्छ केल्या जातात. मुख्य तारेची नट सैल राहिली तर तेथेच उष्णता निर्माण होऊन टर्मिनल जळते.

नवा अल्टरनेटर पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर चालवू नये. बॅटरी आधी चार्जरने भारित करून घ्यावी, अशी सूचना उत्पादक देतात. अल्टरनेटर बॅटरीची पातळी राखण्यासाठी असतो आणि मृत बॅटरी भरताना तो दीर्घकाळ कमाल क्षमतेने चालून तापतो. जुना भाग का बिघडला, याचे उत्तरही याच वेळी शोधले जाते. वरून इंजिन ऑइल गळून अल्टरनेटर भिजत असेल किंवा क्लचच्या घरातून तेल स्टार्टरवर येत असेल, तर ती गळती थांबवल्याशिवाय नवा भाग टिकत नाही.

एकत्रित यंत्रे

काही गाड्यांत ही दोन यंत्रे पुन्हा एक झाली आहेत. भारतात २०१५ साली आलेल्या मारुती सुझुकी सियाझ एसएचव्हीएस या गाडीत पट्ट्यावर चालणारा एकात्मिक स्टार्टर-जनित्र आहे. तो थांबलेले इंजिन पुन्हा सुरू करतो, वेग घेताना इंजिनाला हातभार लावतो आणि वेग कमी होताना वीज परत साठवतो. बाहेरून तो अल्टरनेटरसारखाच दिसतो. पण त्याच्या जागी साधा अल्टरनेटर बसवता येत नाही, कारण त्याचे नियंत्रण, पट्टा ताणणारी यंत्रणा आणि बॅटरी ही सगळी व्यवस्था वेगळी आहे. पूर्णतः विजेवर चालणाऱ्या गाडीत स्टार्टर नसतो आणि अल्टरनेटरही नसतो. तिच्यातील बारा व्होल्टची लहान बॅटरी मुख्य बॅटरीतून दाब घटवणाऱ्या परिवर्तकाद्वारे भारित होते.